डिझेल फोर बाय फोर गोव्यात टिकवायची कशी: बोट ओढायची असो की कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) चढायची

जुन्या जीपवाल्यांचं एक ठरलेलं बोलणं आहे, "आताच्या गाडीत दम नाय, सगळा कॉम्प्युटर." डिचोली, साखळी, वाळपई, कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर जरा वेळ बसा, ऐकायला मिळणारच. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. इंजिनचा ब्लॉक, क्रँक, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), क्राउन (अॅक्सलमधले गिअर), चेसी, म्हणजे जे काय लोखंड आहे ते आताच्या गाड्यांत जुन्यापेक्षा कमी नाही, बऱ्याच ठिकाणी भारीच आहे. मरतं ते त्याच्या भोवतीचं सामान: नोझल (डिझेल फवारणारे), डीपीएफ (काजळीचा फिल्टर), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह), सेन्सर, वायरिंग, टर्बोचे पाइप. आणि गंमत अशी की हे सामान ओझं ओढून फारसं मरत नाही, ते मरतं छोट्या छोट्या फेऱ्यांनी, पाण्याने, घाण डिझेलने आणि मिठाने. हे चारही आपल्या गोव्यात पोटभर. म्हणून खाली जे लिहितोय ते "कुठली गाडी स्ट्राँग" याच्यापेक्षा "घेतलेली गाडी पंधरा वर्षं कशी ओढायची" याच्यावर जास्त आहे, कुठली घ्यायची ते शेवटी बघू.

नवीन इंजिनात बदललं काय

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ हा धुराचा नियम आला. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि प्रत्येक डिझेल एसयूव्हीच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर बसला. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा, त्यात धूर लॅबमध्येच नाही तर रस्त्यावर चालताना पण मोजायचा आला, त्यामुळे सेन्सर वाढले, काही गाड्यांत युरियाची वेगळी टाकी आली. त्याच्या आधीपासून कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या नोझलना डिझेल) आहेच, त्यात डिझेलचं प्रेशर १६०० ते २००० बार आणि त्याच्याही वर जातं. जुन्या पंपवाल्या इंजिनात प्रेशर याच्या पासंगाला पण नव्हतं, म्हणून ते कसलंही डिझेल पचवायचं.

पण त्या बदल्यात मिळालं काय ते पण बघा की. जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपमधलं दोन लिटरच्या थोडं वरचं प्युजो इंजिन साठेक हॉर्सपॉवर द्यायचं. आजची थार तेवढ्याच मापाच्या इंजिनातून १३० काढते, इसुझू व्ही-क्रॉस १.९ लिटरमधून १६३ हॉर्सपॉवर आणि ३६० न्यूटन मीटर, आणि फॉर्च्युनर-हायलक्सचं २.८ ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं. बोट मागे लावून अनमोड घाट चढताना हा फरक पायाखाली कळतो. जुनी जीप पण चढायची, नाही कोण म्हणतो, पण मागे रांग लावून चढायची.

डीपीएफ: गाडीला काम द्या, आराम नको

हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडे नवीन डिझेल गाड्यांची जी रड ऐकू येते त्यातली बरीचशी इथनं येते.

डीपीएफ काजळी साठवतो आणि मधून मधून ती जाळतो. जाळायला आत साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. हायवेवर लोड घेऊन गाडी चालली की बरीचशी काजळी आपोआप जळते. ती उष्णता मिळाली नाही की इंजिन स्वतः जादा डिझेल मारून फिल्टर तापवतं, याला रीजनरेशन, थोडक्यात रीजन म्हणतात, त्याला सलग पंधरा वीस मिनिटं चालती गाडी लागते. आता आपला वापर कसा असतो? घरातून कुळागर चार किलोमीटर, तिथे लो गिअरमध्ये दहाच्या स्पीडने चढण, नारळ-सुपारी भरेपर्यंत एसी लावून इंजिन चालूच, मग परत घरी. किंवा पर्वरी ते पणजी, पूल ओलांडला की पार्किंग शोध. अशा वापरात फिल्टर तापतच नाही, रीजन सुरू होतं आणि तुम्ही चावी काढता, दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं, परत चावी. जे जादा डिझेल जळायला मारलेलं असतं ते जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे फिल्टर पण चोंदला आणि ऑइल पण पातळ झालं, एका दगडात दोन बिलं.

हे घरी तपासता येतं. सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पातळी कमी झाली तर काळजी आपल्याला माहीत आहे, पण नवीन डिझेलमध्ये पातळी *वाढली* तर जास्त काळजी करायची. वरच्या खुणेच्या वर ऑइल दिसलं तर एक थेंब दोन बोटांत चोळा, पाण्यासारखं सटकन सरकतंय का, नाकाजवळ नेऊन डिझेलचा वास येतोय का. मग एक थेंब टिशू पेपरवर टाकून तासभर ठेवा. मधे काळा डाग राहून त्याच्या भोवती फिकट तेलकट कडं दूरवर पसरलं तर ऑइलमध्ये डिझेल आहे असं धरून चाला आणि किलोमीटर किती झाले ते न बघता ऑइल बदला. "जास्तच आहे ना, मग बरंच की" असं म्हणून चालवत राहिलात तर बेअरिंग जातात, आणि पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चावी काढली तरी बंद न होण्याची पाळी येऊ शकते.

रीजन चालू आहे हे ओळखायच्या खुणा: उभ्या गाडीचा आरपीएम थोडा वर, मायलेजचा आकडा एकदम खाली, गरम लोखंडासारखा वास, गाडी बंद केल्यावर पण पंखा घरघरत राहतो. अशा वेळी घराच्या गेटात असलात तरी आत शिरू नका, एक चक्कर मारून या, वीस मिनिटं मोडली तर काय बिघडतंय. आणि ज्यांचा वापर छोटाच आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडीला पळवायला न्यायची. एनएच ६६ वर म्हापसा ते धारगळ जा-ये, एक गिअर खालचा ठेवून, आरपीएम दोन हजाराच्या वर. किंवा साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून या, लोड घेऊन गेलात तर अजून चांगलं. बोट ओढणाऱ्याच्या गाडीचा डीपीएफ अशा कारणाने शहरात फिरणाऱ्याच्या डीपीएफपेक्षा साफ राहतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण तसंच आहे.

ऑइलचं पण इथेच सांगतो. नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलेला डबा बघून घेऊ नका. डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ किंवा तसलं काहीतरी लिहिलेलं असतं, तेच डब्यावर पाहिजे. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. मॅन्युअलच्या मागच्या पानांत "कठीण वापर" असा वेगळा सर्व्हिस तक्ता असतो, ओढकाम, धूळ, पाणी, छोट्या फेऱ्या. आपण सगळे त्यातच मोडतो. सर्व्हिस सेंटरवाला दहा हजार सांगेल, तुम्ही पाच-सहावर ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिनपेक्षा स्वस्तच पडतं.

डीपीएफ काढून सरळ पाइप टाकून देणारे लोक आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. करू नका. बेकायदेशीर तर आहेच, वॉरंटी जाते, सॉफ्टवेअरमध्ये केलेली मोडतोड पुढे कुठला सेन्सर कधी रडवेल ते सांगता येत नाही आणि विकताना जाणकार गिऱ्हाईक हात जोडून परत जातं. मात्र नाव मोठं म्हणून डीपीएफ बिनतक्रार असं पण समजू नका. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मध्ये विकलेल्या डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडोच्या डीपीएफवरून अडीच लाखांवर गाड्यांचा एकत्र खटला झाला आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच गाड्यांचं बाकी इंजिन लोकांनी वाळवंटात लाखो किलोमीटर चालवलंय. तेच म्हणतोय मी, लोखंड टिकतं, भोवतीचं सामान सांभाळावं लागतं.

युरियावाली गाडी असेल तर दोनच गोष्टी. टाकी संपू देऊ नका, कारण वॉर्निंग देऊन देऊन शेवटी गाडी स्टार्टच होत नाही, आणि ते युरियाचं पाणी चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी लावू नका, तशीच टो करा. जुना, उन्हात पडलेला डबा घेऊ नका.

डिझेलमधलं पाणी

पावसाळ्यात आपल्याकडे हवाच पाणी असते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आत दव धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवायची सवय लावा. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसात महिन्यातून एकदा खाली काचेची बाटली धरून तो सैल करा, थोडं डिझेल येऊ द्या आणि बाटली स्थिर ठेवून बघा, पाणी खाली बसतं, वर डिझेल, मधे स्पष्ट रेघ. पाण्याचा दिवा लागेपर्यंत वाट बघत बसू नका.

आणि बोटवाल्यांनो, धक्क्यावर ड्रममधलं जे डिझेल असतं ते बोटीलाच घाला. ट्रॉलरचं साधं इंजिन ते पचवेल, तुमचं नोझल नाही पचवणार. तिथल्या फटी मायक्रॉनमध्ये असतात, एक थेंब पाणी गंज धरायला पुरतं, आणि चार नोझलचा सेट बदलायचं बिल हजारांत आटपत नाही.

ओढकाम: बॉलवर किती वजन

आपल्याकडच्या माहितीपत्रकात कंपन्या ओढायची क्षमता बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. बाहेरच्या देशांत हायलक्स, इसुझू डी-मॅक्सला ब्रेकवाला ट्रेलर ३५०० किलोपर्यंत चालतो म्हणतात, पण तो आकडा तिथल्या हिचचा (ट्रेलर अडकवायच्या सांगाड्याचा), तिथल्या सस्पेन्शनचा, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असताना. तो इथे डोळे झाकून लावायचा नाही. तुमच्या गाडीला कंपनीचा किंवा चेसीला चार-सहा बोल्टांनी नीट धरलेला हिच आहे का, बंपरला वेल्ड केलेला तर नाही ना, आधी ते बघा. ट्रेलर साडेसातशे किलोच्या वर गेला तर त्याला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच असं मी धरतो, युरोपात नियमच तसा आहे.

बॉलवर (हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन पडायला हवं. कमी पडलं की साठच्या वर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि जुवारी पुलावरच्या वाऱ्यात तो एकदा हलायला लागला की गाडीला पण घेऊन जातो. जास्त पडलं की मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसतात, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट आभाळात. मोजायचं कसं? घरातला वजनकाटा. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना दगड, ट्रेलरचं नाक हिचच्या उंचीला येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा करून त्यावर नाक टेकवा. बोट पाचशे आणि ट्रेलर अडीचशे, म्हणजे साडेसातशे, तर काट्यावर पंचाहत्तरच्या आसपास यायला पाहिजे. चाळीस आलं तर बोट ट्रेलरवर थोडी पुढे सरकवा, किंवा पेट्रोलचा कॅन, अँकर मागून उचलून पुढे ठेवा. परत मोजा. बास, एवढंच काम आहे, आणि हे करणारे फार कमी बघितलेत.

ट्रेलर हलायला लागलाच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका. सरळ धरा, पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या.

घाटात चढताना ऑटोमॅटिकवाल्यांनी डी मध्ये टाकून विसरू नका. गिअर सारखा वर-खाली करत राहिला की टॉर्क कन्व्हर्टर तापतो, गिअरबॉक्सचं ऑइल जळतं. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा चौथा धरून ठेवा. मोल्याहून अनमोड चढून वर चहाला थांबलात तर लगेच चावी काढू नका, दोनेक मिनिटं इंजिन तसंच चालू द्या, लाल झालेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या दमट हवेत तर पटपट, दोन वर्षांनी बदलाच, नाहीतर घाटाच्या मधे पॅडल जमिनीला लागतं. साधा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) घेऊन ठेवा, मोबाइलवर कूलंटचं तापमान, काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तापमान आणि डीपीएफमधली काजळी पण दिसते. डॅशबोर्डचा काटा मधेच बसून असतो, तो वर जायला लागला तोवर उशीर झालेला असतो.

धक्क्यावर बोट उतरवणं

क्लच प्लेट जाळायची गोव्यातली पक्की जागा म्हणजे बोटीचा रॅम्प. मॅन्युअल गाडीत रिव्हर्स गिअर उंच असतो, मागे हजार किलो, खाली शेवाळ, माणूस अर्धा क्लच दाबून इंच इंच मागे जातो आणि पाच मिनिटांत वास सुटतो. त्यावर उपाय गाडीतच आहे: लो रेंज, म्हणजे फोर व्हीलचा हळू चालीचा, जास्त ताकदीचा गिअर (फोर लो; साध्या चालीचा तो फोर हाय). रॅम्पच्या तोंडाशी गाडी आणि ट्रेलर सरळ रेषेत आणा, पूर्ण थांबा, न्यूट्रल, फोर लो, रिव्हर्स. आता क्लच पूर्ण सोडा आणि पाय बाजूला ठेवा, गाडी आपल्या चालीने मागे जाईल. फक्त एक सांभाळा, कोरड्या काँक्रीटवर फोर लो मध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवू नका. आपल्या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहेत, मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, पुढची-मागची चाकं वळणावर वेगळी फिरायला मागतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर येतो. म्हणून सरळ करून घ्यायचं काम टू व्हीलमध्ये करा, सरळ झालं की मग लो. ओल्या डांबरी रस्त्यावर "पाऊस आहे ना" म्हणून फोर हाय टाकून फिरणारे पण हेच नुकसान करून घेतात.

पाण्यात जायच्या आधी ट्रेलरच्या लाइटचा प्लग काढा. आणि पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. म्हापशाहून शापोऱ्यापर्यंत आलेला हब गरम असतो, थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढते, महिनाभरात बेअरिंग करकरायला लागतं. हाताला हब कोमट लागेपर्यंत थांबा, तोपर्यंत पट्टे सोडा, जाळी-दांडे भरा. वेळ भरतीची निवडा, आपल्याकडे मोठ्या भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो आणि ओहोटीला रॅम्पचं टोक उघडं पडलं की खाली शेवाळ आणि चिखल असतो, तिथे फोर बाय फोर पण घसरते. गाडीची मागची चाकं हबपर्यंत बुडतील एवढं मागे जायची गरज पडत असेल तर ट्रेलरचा दांडा लांब करून घ्या.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं त्याच दिवशी, उद्या नाही. ट्रेलरचे हब, ब्रेक, गाडीचा मागचा क्राउन, हिच, चेसीच्या आतली भोकं. चेसीच्या खाली पाणी जायला भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात, तारेने मोकळी करा, नाहीतर आत खारट चिखल साचून चेसी आतून कुजते आणि बाहेरून काळा रंग झकास. लाइटच्या प्लगला डायइलेक्ट्रिक (पाणी अडवणारं) ग्रीस लावा.

किनाऱ्यावर गाडी घालायची तर बातच नको. वाळूवर गाडी नेणं गोव्यात बेकायदेशीर आहे, दर सीझनला मोरजीला नाहीतर हणजुण्याला कोणाची तरी रेंट-अ-कार थार लाटांत फसलेली व्हिडिओत दिसते आणि मग पोलीस. खाऱ्या पाण्यात भरतीला उभी राहिलेली नवीन गाडी म्हणजे वायरिंगच्या दृष्टीने संपलेली गाडी.

पाणी, तांबडी माती, चढण

सत्तरी-सांगे पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे ओहोळ ओलांडणं हे काही साहस नाही, रोजचंच. थार, थार रॉक्सला कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते, फॉर्च्युनर, हायलक्स, गुरखाला ७००. हा आकडा उभ्या पाण्याचा समजा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर माणूस चालत जाऊन बघू शकत नाही, तिथे गाडी घालायची नाही. एवढं साधं.

पाण्यात जाताना लो मध्ये दुसरा गिअर, एकसारखा वेग, मधे क्लच नाही. बाहेर आल्यावर खरं काम. क्राउनचं हाउसिंग गरम असतं, पाण्यात थंड झालं की ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) आत पाणी ओढतं, ब्रीदरची नळी सुटलेली किंवा मातीने बुजलेली असली तर सीलमधून. दुसऱ्या दिवशी हाउसिंगचा भरायचा नट उघडून हाताचं बोट आत घाला. तेल मधाच्या रंगाचं पाहिजे. दुधाळ चहासारखं दिसलं की पाणी आहे, त्याच आठवड्यात बदला. ब्रीदरची नळी वाढवून वर इंजिनच्या उंचीला नेऊन बांधणं हे फार स्वस्त काम आहे आणि स्नॉर्केलपेक्षा (इंजिनाची हवा छतापासून घेणारा पाइप) आधी करायचं काम आहे. स्नॉर्केल लावून हिरो होतात आणि क्राउनमध्ये ओहोळ घेऊन फिरतात.

तांबड्या मातीचा त्रास रेडिएटरला. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे इंटरकूलर, मागे रेडिएटर, तिघांच्या मधे ही माती जाऊन बसते, वर उन्हात भाजून विटेसारखी होते. पुढून प्रेशर पंप मारला की ती अजून आत जाते आणि पाती वाकतात. साध्या पाइपने, कमी प्रेशरने, आतून बाहेर धुवायचं, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. खाणपट्ट्यात, चिरेखाणीवर गाडी जात असेल तर एअर फिल्टर दर महिन्याला काढून बघा, आणि फिल्टरपेक्षा त्याच्या बॉक्सचं रबर बघा. फिल्टर नवीन आणि रबर फाटलेलं असेल तर सगळी धूळ टर्बोत.

टायरची हवा हा फुकटचा फोर बाय फोर आहे. चिखलात, सुट्या जांभ्यावर १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाक पसरतं, पकडतं, आणि पुढचं सगळं, म्हणजे अॅक्सल, क्लच, सस्पेन्शन, कमी ताणात चालतं. मात्र डांबरावर यायच्या आधी भरायची, कंप्रेसर गाडीत पाहिजेच, कमी हवेवर ट्रेलर ओढला तर टायर फुटतो. मोठे मोठे मड टायर दिसायला भारी, पण बेअरिंग, स्टिअरिंग आणि गिअरिंग तिघांची वाट लावतात, एक साइज मोठा पुरे.

अडकलेल्याला ओढताना टो बॉलला पट्टा अडकवू नका, कधीच नाही. झटक्याने बॉल तुटला की तो गोळीसारखा मागच्या काचेतून आत जातो, यात माणसं मेली आहेत. हिचच्या चौकोनी पाइपात शॅकल (लोखंडी कडी) बसवा किंवा चेसीचा हुक वापरा, पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाका, बघ्यांना लांब करा.

आणि दर महिन्याला एकदा मातीच्या वाटेवर फोर हाय, फोर लो टाकून शंभर दोनशे मीटर चालवा. न वापरता ते गिअर बदलणारी मोटर आणि फोर्क गंजून बसतात, आणि लागतं तेव्हा नेमका दिवा लुकलुकत राहतो. म्हादई किंवा भगवान महावीर अभयारण्यात शिरून हा प्रयोग करू नका, तिथे वन्यजीव कायदा लागतो आणि वनखातं दया दाखवत नाही.

उंदरांचं पण सांगून ठेवतो. पावसात त्यांना गरम इंजिन आवडतं आणि सेन्सरची वायर त्याहून आवडते. तंबाखूची पानं, फिनाइल, डांबरगोळ्या, सगळे सगळं सांगतात. मला पटलेला उपाय एकच, खालच्या भोकांना लोखंडी जाळी आणि रात्री बॉनेट उघडं ठेवणं.

मग घ्यायची कुठली

कामावर ठरवा. नुसतं कुळागर, ओहोळ, चढण, ओझं कमी असेल तर थार किंवा गुरखा. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारे) आहेत, चिखलात त्याची मजा वेगळी, पण लांबच्या प्रवासाला कंटाळा येतो. माल आणि ओढकाम दोन्ही असेल तर व्ही-क्रॉस किंवा हायलक्स, मागे पाटे आहेत, बॉलवरचं वजन झेलतात. घरचे पाच जण, बोट आणि बेळगाव, सगळं एकाच गाडीत पाहिजे तर फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, बजेट बघून. नावात एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) आहे पण लो रेंज नाही अशा मोनोकॉक (वेगळी चेसी नसलेल्या) गाड्या पावसात रस्त्याला चांगल्या, रॅम्पवर आणि कुळागराच्या चढणीला त्यांना जुंपू नका. फोर्डने २०२१ मध्ये भारतातल्या बाजारासाठी गाड्या बनवणं बंद केलं, एंडेव्हर अजून तगडी आहे आणि सेकंडहँडमध्ये स्वस्त पण मिळते, पण पार्टसाठी थांबायची तयारी असेल तरच.

दूधसागरला नेणारे कुळ्याचे जीपवाले अजून साध्या जुन्या महिंद्रा धरून आहेत, ते अडाणी म्हणून नव्हे. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाण्यातून, कमी अंतर, आणि बिघडली तर तिथेच पाना घेऊन बसायचं. असल्या कामाला डीपीएफवाली गाडी खरंच चुकीची. तुमचं काम पण शंभर टक्के तसंच असेल तर चांगली ठेवलेली जुनी बीएस ३ किंवा ४ घ्या, लाज नाही त्यात.

सेकंडहँड बीएस ६ बघायला जाताना सकाळी जा, आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर काहीतरी लपवायचंय. डिपस्टिक, टिशू पेपर, स्कॅनर तिन्ही घेऊन जा. दोन रीजनमधलं अंतर स्कॅनरवर शंभर किलोमीटरच्या आत दिसत असेल तर फिल्टर भरत आलाय. खाली झोपून चेसीला पेचकसाच्या मुठीने ठोका, टणक आवाज पाहिजे, भद्द आवाज आला की पुढे बघू नका. मग मातीवर नेऊन फोर लो टाकून दाखवायला सांगा. दिल्लीकडून स्वस्त आलेल्या गाडीला गंज कमी असतो ते खरं, पण एनओसी आणि इथल्या टॅक्सचा हिशोब धरला की स्वस्ताई बरीच उतरते.

कागदांचं पण उरकून टाकू. ट्रेलरला स्वतःची नोंदणी, मागे नंबर प्लेट, टेल लाइट, इंडिकेटर लागतात. हिच नंतर बसवला असेल तर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या, क्लेमच्या वेळी तोंडी काही चालत नाही. पुढचा लोखंडी बुलबार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राने बंद केलाय, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर) लावायचा तर तो बंपरच्या आत बसणारा बघा, आणि त्याच्या वायरला बॅटरीजवळ कटऑफ स्विच घ्यायला विसरू नका.